कोऱ्या पानांचा भार

एखाद्या पेढीस बँकेने ५० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली आणि पेढीने त्यातून प्रत्यक्षात ८ लाखच उचलले, तर व्याज कोणत्या रकमेवर द्यावयाचे, हे आपल्या घरातील शाळकरी मुलासही सांगावे लागत नाही. ‘मंजूर’ हा एक आकडा, ‘उचल’ हा दुसरा. दोन्ही खरे आणि दोन्ही एकाच खात्याचे. तथापि एकाच्या जागी दुसरा धरला की सारा हिशेब कोलमडतो. संगणकातील फाइलीलाही असेच दोन आकडे असतात, ही गोष्ट मात्र व्यापारी वर्गात फार थोड्यांच्या ध्यानी आलेली दिसते. फाइल आपला आकार म्हणून जो सांगते तो एक, आणि डिस्कवर ती प्रत्यक्ष जी जागा अडवते तो दुसरा. बहुतेक फाइलींत हे दोन आकडे जवळपास जुळतात, म्हणून त्यांतील भेद कोणास जाणवत नाही. परंतु काही फाइलींत ते जुळत नाहीत, आणि कित्येकदा शेकडो किंवा हजारो पटींनी जुळत नाहीत. अशा फाइलीस इंग्रजीत ‘स्पार्स फाइल’ म्हणतात. आपण तिला विरळ फाइल म्हणू.

हा विषय तंत्रज्ञांचा; दुकानदारास त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण रोजमेळ आणि खतावणी आता लाल कापडी बांधणीच्या वहीतून निघून संगणकाच्या पोटात गेलेली आहेत, आणि कायद्यानेही त्यांची तेथील काळजी आपल्याच शिरावर टाकलेली आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील कलम ३६ अन्वये त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात. त्याच कराच्या २०१७ च्या नियमांपैकी ५७ वा नियम याहून एक पाऊल पुढे जातो. संगणकावरील हिशेबाची राखीव प्रत ठेवावी, आणि अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने मूळ हिशेब नष्ट झाल्यास तो वाजवी काळात पुन्हा उभा करता यावा अशा रीतीने ती ठेवावी, असे तो सांगतो. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे, त्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून अशी प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक झाले आहे. यातील ‘पुन्हा उभा करता यावा’ हे शब्द वाचकांनी मनात धरून ठेवावेत. विरळ फाइलीचा फटका बसतो तो नेमका त्याच ठिकाणी.

आता ही फाइल विरळ होते कशी, ते पाहू. जुन्या पेढीवरची खातेवही डोळ्यांसमोर आणावी. नव्या वर्षाची वही मांडताना दिवाणजी प्रत्येक आसामीस पाने नेमून देत. मोठ्या आसामीस दहा, किरकोळ आसामीस दोन. त्यांतील कित्येक पानांवर वर्ष संपेपर्यंत एक अक्षरही उमटत नसे. समजा, एखादा दिवाणजी इतका काटकसरी निघाला की, त्याने ही कोरी पाने वहीत शिवलीच नाहीत. अनुक्रमणिकेत मात्र त्याने लिहून ठेवले की ‘पान ४१ ते ९०, अद्याप कोरी’. कोणी पान ६० पाहावयास मागितले, तर तो समोर एक कोरा कागद धरतो, आणि मागणाऱ्यास वाटते की पान वहीतच आहे. पान ६० वर खरोखर नोंद करण्याची वेळ आली, म्हणजे त्या दिवशी तो एक कागद आणतो आणि त्या जागी शिवतो. वही सांगावयास दोनशे पानांची, हातात घेतली तर तीस पानांची.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्स प्रणालीत ही युक्ती १९७० च्या दशकापासून आहे. डिस्कवरील जागा लहान लहान ठोकळ्यांत विभागलेली असते. हल्ली एक ठोकळा सामान्यतः ४,०९६ बाइटांचा असतो. फाइलीचा कोणता भाग कोणत्या ठोकळ्यात आहे याची अनुक्रमणिका ‘आयनोड’ या नावाने ओळखली जाते. एखाद्या प्रोग्रॅमने मधला भाग न लिहिता एकदम पुढे उडी मारून तेथे काही लिहिले, तर मधल्या भागास ठोकळाच दिला जात नाही. त्या पोकळीतून कोणी वाचू लागले, तर प्रणाली त्याच्या हाती शून्यांमागून शून्ये ठेवते. वाचणाऱ्यास ही शून्ये डिस्कवरून आलेली आहेत की वाटेतच निर्माण झालेली आहेत, हे नुसत्या वाचनावरून कदापि कळत नाही. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या एका वाक्यात आहे. लिनक्सवर प्रचलित असलेल्या बहुतेक फाइलव्यवस्था ही सोय देतात. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून एनटीएफएस व्यवस्थेत आली, परंतु तेथे फाइलीवर ‘ही विरळ आहे’ अशी खूण आधी करावी लागते. ॲपलच्या संगणकांना ती २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस व्यवस्थेबरोबर मिळाली. पेन ड्राइव्ह आणि बाहेरून जोडावयाच्या डिस्का ज्या व्यवस्थांवर बहुधा विकल्या जातात, त्या फॅट-३२ आणि एक्सफॅट या दोहोंत ती मुळीच नाही. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडील राखीव प्रती पुष्कळदा नेमक्या अशाच डिस्कांवर घेतल्या जातात.

या प्रकाराचे सर्वांत नामांकित उदाहरण ‘लास्टलॉग’ नावाच्या फाइलीचे आहे, आणि ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. कोणता वापरकर्ता संगणकावर शेवटचा केव्हा आला, याची ही नोंदवही. प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो आणि प्रत्येक नोंद बरोबर २९२ बाइटांची. ज्याचा क्रमांक १,०००, त्याची नोंद फाइलीच्या आरंभापासून १,००० गुणिले २९२ बाइटांवर. शोधाशोध नाही, गुणाकार केला की पान सापडले. योजना सुटसुटीत होती. मग ६४ बिटांच्या काही लिनक्स प्रणालींवर एक विचित्र प्रकार घडला. दुसऱ्या संगणकावरून आलेल्या, ओळख न पटलेल्या पाहुण्यासाठी ‘कोणीच नव्हे’ अशा अर्थाचे एक खाते प्रणालीत असते. त्याचा क्रमांक रिवाजाने ‘वजा २’ असा ठेवलेला होता. आता वापरकर्त्याचा क्रमांक साठविण्याच्या ३२ बिटांत ऋण संख्येस जागा नाही; तेथे वजा २ याचे रूप होते ४,२९,४९,६७,२९४. या खात्याची कोरी नोंद वहीत मांडण्यासाठी प्रणालीने आपला नेहमीचा गुणाकार केला, इतक्या दूर उडी मारली आणि तेथे २९२ बाइटांची एक नोंद लिहिली. फाइलीचा सांगण्याचा आकार झाला १२,५४,१३,०४,५०,१४० बाइट, म्हणजे सव्वा टेराबाइटाच्या किंचित वर. डिस्कवर प्रत्यक्ष अडलेली जागा काही किलोबाइट! जो माणूस कधी दारात आलाच नाही, त्याच्या नावे एवढे मोठे दप्तर.

जोपर्यंत ही फाइल आपल्या जागी स्वस्थ होती, तोपर्यंत तिचा कोणास उपद्रव नव्हता. रात्री राखीव प्रत घेणारा प्रोग्रॅम तिच्यापाशी पोहोचला, म्हणजे पंचाईत होई. तो बिचारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागे, मिळेल ते शून्य प्रामाणिकपणे उतरवून घेई. सेकंदास १०० मेगाबाइट लिहिणारी डिस्क असली, तरी या एका रिकाम्या वहीची नक्कल करण्यास साडेतीन तास लागावेत. आणि तेवढी जागा नसेल, तर प्रत अर्ध्यावरच थांबावी. आता ‘लास्टलॉग’चा तो जुना साचा मागे पडत चालला आहे, २०२४ मध्ये ‘लास्टलॉग-टू’ हा डेटाबेसावर आधारलेला नवा प्रकार लिनक्सच्या मूलभूत साधनसंचात दाखल झाला. परंतु विरळ फाइली त्यामुळे कमी झालेल्या नाहीत. उलट, पूर्वी त्या व्यवस्थापकाच्या खोलीतच असत, आता त्या आपल्या पेढीत आल्या आहेत.

त्या आल्या आभासी संगणकाच्या रूपाने. एका बळकट सर्व्हरवर दोन-तीन आभासी संगणक चालवावयाचे, त्यांतील एकावर हिशेबाची प्रणाली ठेवावयाची, आणि मालकाने व शाखांनी आपापल्या गावाहून त्यावर काम करावयाचे, ही पद्धत लहान पेढ्यांतही आता रुळलेली आहे. अशा आभासी संगणकाची जी ‘डिस्क’ असते, ती खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. उभारणी करणारा तंत्रज्ञ पुढील वाढीचा विचार करून तिला ५०० गिगाबाइटांची मर्यादा देतो. आतील प्रणाली आणि हिशेब मिळून सध्या, समजा, ६० गिगाबाइट भरतात. मंजुरी ५०० ची, उचल ६० ची. फाइल विरळ असल्याने खऱ्या डिस्कवर ओझे पडते ते ६० चेच, आणि येथवर सारे उत्तम आहे.

आता राखीव प्रतींसाठी एक टेराबाइटाची डिस्क आणली. मालकाने मनाशी हिशेब केला की ६० गिगाबाइटांची एक प्रत, अशा सात दिवसांच्या सात, एकूण ४२०. डिस्क निम्मीही भरावयाची नाही. हिशेबात चूक काढण्यासारखे काही नाही. परंतु नक्कल करणाऱ्या साधनास पोकळीची ओळख नसेल, तर पहिल्याच रात्री ५०० गिगाबाइट उतरतात, आणि दुसऱ्या रात्रीची प्रत पूर्ण होण्यापूर्वीच डिस्क भरते. सात दिवसांच्या सात प्रती आहेत अशा समजुतीत पेढी चालते, आणि हाती असते ती एक जुनी प्रत व एक अपुरी. प्रत अर्धवट राहिल्याची सूचना कोणत्या तरी नोंदपत्रात पडलेली असते, पण ते नोंदपत्र सकाळी उघडून पाहण्याचे काम कोणाकडे सोपविलेले नसते.

प्रत घेताना फुगली, एवढ्यावरच हे थांबत नाही. मूळ यंत्र बिघडल्यावर प्रत परत उतरवावयाची वेळ येते, ती बहुधा घाईची असते. महिनाअखेर असते, विवरणपत्राची तारीख जवळ असते, आणि हाताशी मिळेल ती २५० गिगाबाइटांची डिस्क जोडून तात्पुरते काम चालवावे असा विचार होतो. आतील खरा ऐवज ६० गिगाबाइटांचाच आहे, तेव्हा विचार बरोबर आहे. पण परत उतरविणारे साधन शून्येही इमानाने लिहीत गेले, की अडीचशेच्या मर्यादेवर येऊन ते अडते. हिशेब शाबूत आहे, प्रत शाबूत आहे, आणि तरीही हिशेब उभा राहत नाही. ५७ व्या नियमातील ‘वाजवी काळ’ अशा वेळी नवी डिस्क शोधण्यात खर्ची पडतो. दूरच्या मेघसंचयावर प्रत ठेवणाऱ्यांस आणखी एक गोष्ट लागू आहे. तेथील वस्तुसंचयात पोकळी ही कल्पनाच नाही. ५०० गिगाबाइटांची कच्ची फाइल जशीच्या तशी चढवली, तर ५०० चेच भाडे दरमहा द्यावे लागते. रिकाम्या वखारीचे भाडे आपण कोणी जाणूनबुजून देणार नाही.

‘मग झिप करून ठेवावे, म्हणजे झाले’ असे पुष्कळजण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शून्यांची रास संक्षेपात उत्तम दबते. जीझिप ही सर्वसामान्य रीत शून्यांना जास्तीत जास्त सुमारे हजारपट लहान करते. म्हणजे ‘लास्टलॉग’च्या त्या सव्वा टेराबाइटांचे सव्वा गिगाबाइटाच्या आसपास काही तरी होईल. परंतु मूळ फाइल होती काही किलोबाइटांची, हे विसरता कामा नये. शिवाय दाबण्यापूर्वी सारी शून्ये एकदा वाचावी लागतात, तो वेळ वाचत नाही. आणि उघडताना ती सारी पुन्हा भरीव होऊन बाहेर पडतात. यावर कळस असा की, फाइल आधी सांकेतिक लिपीत गुप्त केली आणि मग दाबावयास घेतली, तर काहीच दबत नाही. कारण गुप्त केलेल्या मजकुरात शून्यांचा मागमूस उरत नाही. आधी दाबावे, मग गुप्त करावे, हा क्रम उलटला तर पोकळीचा सारा लाभ गेलाच म्हणून समजावे.

खरा उपाय निराळा आहे. नक्कल करणाऱ्याने पाने चाळीत न बसता आधी अनुक्रमणिका विचारावी, हा तो उपाय. वाचणाऱ्यास पोकळी कळत नाही, हे वर सांगितलेच. म्हणून ती प्रणालीस विचारण्याची सोय करावी लागली. ‘येथून पुढे मजकूर कोठे आहे’ आणि ‘येथून पुढे पोकळी कोठे आहे’ हे दोन प्रश्न सोलारिस प्रणालीत २००५ च्या सुमारास झेडएफएस व्यवस्थेबरोबर आले. ‘सीक-डेटा’ आणि ‘सीक-होल’ अशी त्यांची नावे. लिनक्सने ते २०११ मध्ये स्वीकारले, आणि युनिक्स कुळातील सर्व प्रणालींसाठी असलेल्या पॉसिक्स या मानकात ते २०२४ मध्ये समाविष्ट झाले. इतकी साधी गोष्ट मानकात येण्यास युनिक्सच्या जन्मापासून अर्धे शतक लागावे, याचे नवल वाटते. रिकाम्या जागेची मोजदाद करण्याचा माणसास कंटाळा असतो, दुसरे काय!

साधनांपैकी लिनक्सवरील ‘सीपी’ ही नक्कल करण्याची आज्ञा या बाबतीत पुष्कळ शहाणी आहे. सांगितलेल्या आकारापेक्षा व्यापलेले ठोकळे कमी दिसले, की ती स्वतःहून सावध होते आणि नवी प्रतही विरळच ठेवते. २०२१ नंतरच्या आवृत्तीत ती वरील दोन प्रश्नांचा उपयोग करते. बाकीची साधने मात्र सांगितल्याखेरीज हे करीत नाहीत. ‘टार’ या बांधणीच्या साधनास कॅपिटल ‘एस’ हे अक्षर पर्याय म्हणून द्यावे लागते. न दिल्यास गाठोड्यात शून्ये भरली जातात. एका संगणकावरून दुसऱ्यावर प्रती जुळवून ठेवणाऱ्या ‘आरसिंक’लाही तेच अक्षर लागते. त्याने जागा वाचते, पण पोकळी वाचून काढण्याचा वेळ मात्र वाचत नाही, हे ध्यानात असावे. ‘एससीपी’ने पाठवलेली फाइल पलीकडे भरीव होऊनच उतरते. आणि ज्या डिस्कवर उतरवावयाचे तिची व्यवस्थाच एक्सफॅट असेल, तर साधन कितीही शहाणे असो, तेथे कोरे पान ठेवण्यास अनुक्रमणिकाच नाही. फॅट-३२ वर तर चार गिगाबाइटांची फाइलही मावत नाही. मर्यादा त्याहून एका बाइटाने कमी आहे. अशा डिस्कवर ठेवावयाचे असेल, तर विरळ फाइल आधी ‘टार’मध्ये त्या अक्षरासह बांधावी आणि ते गाठोडे ठेवावे, चार गिगाबाइटांहून मोठ्या गाठोड्यास एक्सफॅटच घ्यावी लागेल. पोकळीची नोंद गाठोड्याच्या पोटात सुरक्षित राहते. एखादी प्रत आधीच फुगून बसली असेल, तर लिनक्सवर ‘फॅलोकेट’ या आज्ञेस पोकळ्या खणण्याचा पर्याय देऊन ती जागच्या जागी पुन्हा विरळ करता येते.

आभासी डिस्कची दोन वैशिष्ट्ये येथेच नोंदवावीत. एक म्हणजे, चालू आभासी संगणकाची फाइल तशीच उचलून नक्कल करू नये. तो बंद करावा किंवा त्या क्षणाचा स्थिर ठसा घेऊन त्यावरून नक्कल करावी. अन्यथा पहिले पान सकाळचे आणि शेवटचे दुपारचे अशी वही हाती येते. दुसरे असे की, आतल्या संगणकावर पुसून टाकलेली फाइल बाहेरच्या दृष्टीने भरीवच राहते. उचल फेडली, पण बँकेस कळवलेच नाही, अशातला हा प्रकार. आतील प्रणालीने ‘ट्रिम’ या सूचनेने मोकळी जागा परत कळवावयास हवी, आणि तशी व्यवस्था तंत्रज्ञाने मुद्दाम लावून दिलेली असावयास हवी. नाही तर ६० गिगाबाइटांची उचल वर्ष-दोन वर्षांत २०० वर जाते आणि का गेली हे कोणास सांगता येत नाही.

येथवर वाचून एखाद्या उत्साही सभासदास वाटेल की, मग सर्वच फाइलींतील शून्ये काढून पोकळ्या कराव्यात. ‘सीपी’स तसे सांगताही येते, ‘स्पार्स’ या पर्यायास ‘ऑलवेज’ हे मूल्य दिले, की लिहिलेल्या शून्यांच्याही ती पोकळ्या करते. परंतु या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. चालू हिशेबाच्या डेटाबेसास हा पर्याय लावू नये. लिहिलेले शून्य आणि पोकळी ही वाचावयास एकच, पण तारणाच्या दृष्टीने भिन्न आहेत. शून्य लिहिलेले आहे म्हणजे तेथे जागा राखून ठेवलेली आहे. पोकळी म्हणजे नुसते वचन. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आपल्या व्यवहारनोंदींचे १६ मेगाबाइटांचे खंड आरंभीच शून्यांनी भरून ठेवतो, तो याचसाठी की, ऐन नोंद करताना जागा संपल्याची आपत्ती येऊ नये. लिनक्समधील स्मृतीचा पूरक म्हणून वापरली जाणारी ‘स्वॅप’ फाइल तर पोकळी असल्यास प्रणाली स्वीकारीतच नाही. तेव्हा जेथे पोकळी आहे तेथे पोकळी, आणि जेथे शून्य लिहिले आहे तेथे शून्य, अशी जशीच्या तशी नक्कल करणे हाच चालू हिशेबास योग्य मार्ग. ‘ऑलवेज’ हा पर्याय कपाटात ठेवून द्यावयाच्या जुन्या प्रतींस शोभतो.

वचनांची बेरीज हाही एक गंभीर विषय आहे. दोन टेराबाइटांच्या डिस्कवर प्रत्येकी ५०० गिगाबाइटांचे पाच आभासी संगणक सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाची उचल थोडी असते. वचने मात्र अडीच टेराबाइटांची दिलेली असतात. ठेवीदार सगळे एकाच दिवशी दारात येणार नाहीत या भरवशावर बँक चालते, तसेच हे. एके दिवशी खरी डिस्क भरते. आतील संगणकास मात्र आपल्याजवळ अजून ३०० गिगाबाइट शिल्लक दिसत असतात. तो नोंद लिहावयास जातो, नोंद स्वीकारली जात नाही, आणि हिशेबाची फाइल मध्येच दुखावते. येथे पाहावयाची शिल्लक आतील संगणकाची नव्हे, बाहेरच्या खऱ्या डिस्कची. आणि तीच रोज पाहिली जात नाही असा अनुभव आहे.

विरळ फाइलीसारखीच दिसणारी, पण जातीने निराळी अशी आणखी एक फाइल आपल्या पाहण्यात येते, तिचा उल्लेख करून ठेवतो. वनड्राइव्हसारख्या मेघसेवांत २०१७ पासून अशी सोय आहे की, फाइल संगणकावर दिसते, तिचा आकार दोन गिगाबाइट लिहिलेला असतो, आणि डिस्कवरील जागा मात्र शून्य. येथील रिकामेपण शून्यांचे नाही. मजकूर दुसऱ्या गावी आहे एवढेच. इंटरनेट नसता ती उघडत नाही. अशा फाइली असलेला संगणक बाहेरच्या डिस्कवर उतरवून ‘प्रत घेतली’ म्हणणे म्हणजे हुंडीची नोंद तिजोरीत ठेवून हुंडी दुसऱ्याच्या घरी ठेवण्यासारखे आहे. प्रत घेण्यापूर्वी अशा फाइली ‘या यंत्रावर सदैव ठेवाव्यात’ असे सांगून खाली उतरवून घ्याव्यात.

दोन आकडे पाहणे मुळीच कठीण नाही. विंडोजमध्ये फाइलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘साइज’ आणि त्याखाली ‘साइज ऑन डिस्क’ हे दोन्ही दिसतात. लिनक्सवर ‘एलएस’ ही आज्ञा सांगितलेला आकार दाखवते, तर ‘डीयू’ ही व्यापलेली जागा. ज्यास स्वतः प्रयोग करावासा वाटेल, त्याने आपल्या मुलास किंवा तंत्रज्ञास सांगून लिनक्सवर ‘ट्रंकेट’ या आज्ञेने दहा गिगाबाइटांची रिकामी फाइल करवून घ्यावी. ती क्षणार्धात तयार होते आणि ‘डीयू’ तिची जागा शून्य दाखवतो. मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने नेहमीच्या डिस्कवर तिची राखीव प्रत घ्यावी आणि तेथे पुन्हा दोन्ही आकडे पाहावेत. प्रत तत्काळ झाली व जागा अडली नाही, तर साधन जाणते आहे. पाच-दहा मिनिटे दिवा लुकलुकत राहिला आणि दहा गिगाबाइट खर्ची पडले, तर ते अजाण आहे. या परीक्षेत जुळणीचा ताळा, म्हणजे चेकसम, उपयोगी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. विरळ आणि भरीव या दोन्ही प्रतींचा ताळा तंतोतंत एकच येतो, कारण वाचल्यावर दोन्हींतून तीच शून्ये निघतात. मजकूर खरा आहे हे ताळ्याने कळेल; जागा किती लागेल हे कळणार नाही.

वार्षिक करार करताना तंत्रज्ञास एवढे विचारावे की, आपल्या आभासी डिस्कची फाइल कच्ची आहे की ‘क्यूकाऊ-टू’ जातीची. दुसऱ्या जातीची फाइल आपली अनुक्रमणिका स्वतःच्या पोटात बाळगते, त्यामुळे ती प्रायः कोठेही नेली तरी फुगत नाही. कच्ची असेल, तर प्रत कोणत्या साधनाने, कोणत्या पर्यायासह आणि कोणत्या व्यवस्थेच्या डिस्कवर जाते, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. त्यानंतर, निदान वर्षातून एकदा, मार्च अखेरीच्या गर्दीपूर्वी, प्रत एका रिकाम्या डिस्कवर खरोखर उतरवून हिशेबाची प्रणाली त्यावरून उघडून पाहावी. राखीव डिस्कच्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर तारीख, फाइलीने सांगितलेला आकार, व्यापलेली जागा, आणि उतरवून पाहिल्यावर लागलेला वेळ. ही चाचणी होईपर्यंत पर्यायी डिस्क विकत घ्यावयाची, ती मात्र पहिल्या, म्हणजे सांगितलेल्या आकड्याएवढीच घ्यावी.